कावडीची खांदेपालट

बालाघाटाच्या डोंगररांगेत खडकसांगवी नावाचे गाव आहे. नावासारखेच ते, जिथे कुदळ मारावी तिथे खडक. गावामागच्या टेकडीवर महादेवाचे देऊळ, आणि त्या देवळाच्या ओसरीवर आपले महाराज बसत. कुठले, कोणाचे, कोणालाच ठाऊक नव्हते. एका चैत्रात आले, दगडी खांबाला पाठ टेकली आणि तिथेच राहिले. गाव त्यांना ओसरीमहाराज म्हणू लागले. महाराज बोलत थोडे, हसत पुष्कळ, आणि पाणी पीत ते फक्त सारजाबाईच्या घागरीतले.

सारजाबाई म्हणजे पाणभऱ्या कोळ्यांच्या घरची सून. टेकडीच्या पायथ्याला बारव आहे, तिथून देवळापर्यंत शंभरावर पायऱ्या. नवरा गेला तेव्हा त्याची कावड तिने स्वतःच्या खांद्यावर घेतली. बाईमाणूस कावड वाहते म्हणून गाव आधी हसले, मग सवयीचे झाले. बावीस वर्षे झाली त्याला. आता लेक केरबाही हाताशी आला होता. तीन मुले गेल्यावर झालेला म्हणून केरबा, केरात टाकल्यासारखे नाव ठेवले की यमाची नजर लागत नाही म्हणतात. सव्वीस वर्षांचा, उंच, खांद्याला घट्टे पडलेला गडी. त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली.

त्या घरचा एक नेम होता. देवाची कावड वाटेत भुईला टेकवायची नाही. मग दमले तर करायचे काय? तर मागून चालणारा जवळ येतो, दमलेल्याच्या पाठीवर हात ठेवतो, आणि चालत्या पावलातच बांबू आपल्या खांद्यावर घेतो. याला म्हणायचे खांदेपालट. ज्याचे ओझे गेले त्याने मागे वळून पाहायचे नाही. पाहिले की कावड डचमळते आणि पाणी सांडते.

महाराज कधीकधी वरून गमतीने म्हणत, "सारजा, खांदा भरून आला की सांग बरे. मी पालटीन."

हे ऐकून गावचे तात्यासाहेब देशमुख हमखास खो खो हसत. "महाराजांना चिलीमसुद्धा दुसऱ्याने भरून द्यावी लागते, ते कावड काय घेणार!"

तात्यासाहेब माणूस वाईट नव्हते हो. फक्त केलेला उपकार चारचौघांत दाखवल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यांनी देवळाशेजारीच सुरुंग लावून विहीर खोदली, इंजिन बसवले. पाणी कसे, तर नारळाचे. चांदीच्या तांब्यातून ते महाराजांपुढे ठेवले. महाराजांनी तांब्याला नमस्कार केला आणि बाजूला सारला. म्हणाले, "पाणी चांगले आहे देशमुख. पण सारजाचे चढून येते." तो तांब्या तात्यासाहेबांच्या मनात सलत राहिला. तेव्हापासून सारजाबाई पायऱ्यांवर दिसली की ते काहीतरी टोचून बोलल्याशिवाय राहत नसत. "काय सारजे, बावीस वर्षं पाणी घातलंस, वेलाला फळ कधी धरणार?" ती पदर सावरून वर चढत राहायची.

आणि मग तो वैशाखातला सोमवार आला.

केरबा सकाळची कावड घेऊन निघाला, निम्म्यावर गेला आणि एकाएकी पोटाला विळखा घालून खाली बसला. दोन्ही घागरी गडगडत खाली आल्या. मागून येणाऱ्या सारजाबाईच्या पायांवरून ते पाणी वाहत गेले, तिच्या हयातीत पायऱ्यांवर सांडलेली ती पहिली कावड. ओवा झाला, हिंगाचा लेप झाला. दोन प्रहरी त्याला हिरवी उलटी झाली, पोट डफासारखे टणक झाले, आणि एवढा पहाडासारखा गडी गुडघे छातीशी घेऊन "आई गं, आई गं" करू लागला.

सारजाबाई धापा टाकत ओसरीवर गेली. "महाराज, अंगारा द्या. पोरगं तडफडतंय."

महाराजांनी तिच्याकडे पाहिले. नेहमीचे हसू नव्हते. महाराज म्हणाले, "अंगाऱ्याने आतड्याचा पीळ सुटत नाही, सारजा. डॉक्टर गाठ. आत्ताच्या आत्ता." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

 बावीस वर्षांत तिने एकदाच काही मागितले, आणि महाराजांनी चिमूटभर राखही दिली नाही! पण रडायला वेळ होता कुठे? तालुक्याचे इस्पितळ वीस मैल, आणि गावात मोटार एकच, तात्यासाहेबांची, लष्कराने मोडीत काढलेली जीप. ती तशीच वाड्यावर गेली.

ओट्यावर चार माणसे बसली होती. तात्यासाहेब म्हणाले, "गाडी नेशील गं. माणुसकीला मी कधी चुकलोय? पण आधी एक कबूल कर. तुझ्या महाराजांच्यानं काही होत नाही, म्हणून माझी गाडी लागली. बोल एवढं."

"तात्यासाहेब, पोरगं जातंय माझं."

"एवढंच बोल, की ड्रायव्हरला हाक मारतो."

सारजाबाईने मान खाली घातली.  मग म्हणाली, "व्हय. महाराजांच्यानं न्हाई काही होत."

माणसे हसली. जीप निघाली. टेकडीखालून जाताना ओसरी दिसते, पण सारजाबाईने तिकडे पाहिले नाही. लेकाचे डोके मांडीवर घेऊन ती रस्त्याकडेच पाहत राहिली. ज्याला नाकारले त्याच्याकडे बघायचे तरी कसे?

इस्पितळातले डॉक्टर साळवी पोटाला हात लावताच गंभीर झाले. "आतड्याला पीळ पडलाय. पोट उघडावं लागेल, याच घटकेला. उघडलं तरी वाचेल असं मी सांगत नाही. न उघडलं तर सकाळ बघणार नाही." पुढे कागद आला. सारजाबाईने अंगठा उठवला. अंगठ्याची शाई तिने पदराला पुसली, ती पुढे कधी निघालीच नाही.

बंद दारासमोर ती तीन तास बसून होती. दुसरी एखादी आई अशा वेळी देवाचा धावा करते. हिची ती सोयही राहिली नव्हती. ओठांवर महाराजांचे नाव आले की ओट्यावरचे हसणे कानात वाजायचे आणि नाव मागे जायचे. नुसती भिंत बघत बसली.

दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. हातभर आतडे काळे पडले होते, ते कापून काढले, टोके शिवली. "आता टाके धरले तर पोरगा तुझा. एक ध्यानात ठेव, बाई. पोटातून आवाज येईस्तोवर पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही. शिरेतून बाटली लावलीय, तेवढं पुरे. घोटभर पाणी गेलं तरी टाके उसवतील, मग माझ्या हातात काही नाही."

भाविकहो, कोणाला सांगितले पाहा हे! कोळ्याच्या घरी दारात पाण्याचा रांजण असतो. सारजाबाई सून म्हणून उंबरा ओलांडून आली तेव्हा सासूने पहिली गोष्ट सांगितली होती, तहानलेल्याला नाही म्हणू नको, वैरी असला तरी. जन्मात तिने कोणाला पाणी नाकारले नव्हते.

मंगळवारी केरबा शुद्धीवर आला. पहिला शब्द, "पाणी."

"न्हाई राजा. डागदर न्हाई म्हणत्यात."

सिस्टर मार्था ओल्या कापसाने ओठ पुसून जायच्या. तो कापूसच चोखू बघायचा. वैशाखाचे ऊन पत्र्यावर तापत होते, आणि व्हरांड्यातला माठ त्याच्या खाटेवरून नेमका दिसत होता. बुधवारी जीभ कोरडी होऊन टाळूला चिकटली. उगाच हातपाय हलवून टाके ओढले जातील म्हणून त्याचे मनगट खाटेला बांधले. बांधल्या हाताने त्याने आईचा पदर पकडला.

"आई, एक घोट."

"न्हाई रं बाळा."

"साऱ्या गावाला पाजतीस तू. मलाच का गं न्हाई?"

 तिने तोंडात पदराचा बोळा घातला आणि दुसरीकडे पाहिले. तिनेही मंगळवारपासून पाणी सोडले होते, पण तिच्या सोडण्याने त्याची तहान इंचभर कमी होत नव्हती. सिस्टरांनी बळेच तिच्या तोंडाला पेला लावला. "तुम्ही पडलात तर त्याला कोण बघणार, बाई?" ते पाणी पिताना तिला स्वतःची किळस आली.

तिच्या मनाने एकच हिशेब धरला होता. मी महाराजांना नाही म्हटले. बावीस वर्षांच्या सेवेवर एका जीपसाठी पाणी सोडले. म्हणून माझ्या लेकराच्या तोंडचे पाणी देवाने काढून घेतले. शिक्षा मला करायची होती रे, त्याला का?

गुरुवारी केरबाने पाणी मागणे सोडले. मागत होता तेव्हा जीव तुटायचा, पण न मागणे त्याहून वाईट होते. ताप चढला होता. डोळे अर्धवट उघडे, पण ओळख नाही. डॉक्टर येऊन गेले. पोटाला नळी लावून ऐकले, मान हलवली. "पोट अजून मुकं आहे. ताप उतरला नाही तर अवघड आहे."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची बायको हे सगळे बघत होती. भली बाई, मनात खोट नाही. ती जवळ आली. "बाई, राग मानू नको. चार मरणं बघितलीत मी. हे पोर ऱ्हात न्हाई. मग कोरड्या तोंडानं कशाला धाडतीस? पाण्यावाचून गेलेला जीव तहानलेलाच फिरतो."

 नवऱ्याच्या तोंडात शेवटचे पाणी तिनेच घातले होते. तीन लेकरे गेली, त्यांच्याही ओठांना तिनेच पाण्याचे बोट लावले होते. हा चौथा, आणि तो असा जाणार? कोळ्याचे पोर, पाण्यावाचून? डॉक्टर म्हणतात टाके उसवतील. अहो, जाणाऱ्याचे टाके काय करायचे आहेत?

ती उठली. दुपारचे बारा वाजून गेले होते. सिस्टर जेवायला गेल्या होत्या. माठातून तिने लोटा भरला, खाटेशी आली, डाव्या हाताने लेकाची मान उचलली. "घे माझ्या राजा. पी. लागंल तेवढं पी." लोट्याची कड त्याच्या ओठांना लागली.

केरबाने ओठ मिटले.

तीन दिवस थेंबासाठी तडफडणाऱ्या पोराने तोंड फिरवले. तिने पुन्हा लोटा लावला. तो खोल आवाजात म्हणाला, "नगं आई. तहान गेली."

"कशी जाईल रं? घे ना."

"खांदेपालट झाली."

"कुणी केली?"

"बघितलं न्हाई," केरबा म्हणाला. "बघायचं नसतं ना."

आणि त्याने डोळे मिटले. सारजाबाईच्या हातून लोटा निसटला, पाणी फरशीभर झाले. तिला वाटले, झाले, वात झाला, हे जातानाचे बोलणे. ती तिथेच त्या पाण्यात बसली. छाती खालीवर होते का, एवढेच बघत राहिली. होत होती. मघापेक्षा सावकाश होत होती. संध्याकाळी सिस्टरांनी कपाळाला हात लावला, पुन्हा लावला, आणि घाईने डॉक्टरांना बोलवायला गेल्या. ताप उतरत होता. तरी सारजाबाईने आशा धरली नाही. आशेने तिला तीनदा फसवले होते.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी नळी लावली आणि ऐकता ऐकता हसले. "बोलायला लागलं पोट. सिस्टर, दोन चमचे पाणी. दोनच."

ते दोन चमचे सारजाबाईने पाजले. पहिल्यातले निम्मे हनुवटीवरून ओघळले. केरबा म्हणाला, "गोड हाय गं." मग ती रडली, चार दिवसांचे सगळे रडली.

टाके निघून घरी जायला एकवीस दिवस लागले. आधी चमचा, मग पेज, मग भिंत धरून चार पावले. सव्वीस वर्षांच्या लेकाला तिने पुन्हा चालायला शिकवले. पण जीव लेकात असला तरी मनातला काटा तसाच होता. गावी जायचे, टेकडी दिसणार, तेव्हा काय करायचे?

निघायच्या दिवशी इस्पितळाच्या दारात जीप उभी. आणि जीपमधून खाली उतरले स्वतः तात्यासाहेब! वाळले होते.  केरबाला त्यांनी स्वतःच्या हाताने आधार देऊन बसवले.  पायथ्याशी, बारवेजवळ, त्यांनी गाडी थांबवली.

"सारजाबाई, वर चला."

ती दचकली. देशमुखांच्या तोंडून 'सारजाबाई' तिने कधी ऐकले नव्हते. "मी कोणत्या तोंडानं चढू, तात्यासाहेब? काय बोलले ते तुमीच ऐकलंय."

"ऐकलंय म्हणूनच सांगतोय." ते बारवेच्या कठड्यावर बसले. "तुम्ही गेल्यापासून बारवेचं पाणी वर चढलं नाही. महाराज तीन दिवस नुसत्या ताकावर राहिले. गुरुवारी मी माझा तांब्या भरून नेला. दुपारची वेळ, बारा वाजून गेलेले. महाराजांनी तो हातात घेतला. मी म्हटलं, जिंकलो एकदाचा. ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. म्हणाले, नको, चढण आहे, त्याला जड होतंय. आणि हात पुढे केला, असा, कुणाच्या तरी पाठीवर ठेवल्यासारखा."

सारजाबाई कठड्यापाशी खाली बसली.

"मी हसलो. म्हटलं, सोंग बघा. मग बघता बघता महाराजांचे ओठ फुटले हो! माझ्या डोळ्यांदेखत. चार दिवस रानात पाण्यावाचून अडकलेल्या माणसासारखे. जीभ वळेना. अंग तापलं. माझ्या हातात भरलेला तांब्या! मी म्हटलं, महाराज, पाया पडतो, प्या. तर म्हणाले, पाजशील तर पोर मरेल. तांब्या धरून बस. आणि मी बसलो, सारजाबाई. दिवस मावळला, उजाडलं, मी बसलो. तहानलेला माणूस समोर, पाणी माझ्या हातात, आणि द्यायचं नाही. मला ती एक रात्र काढवेना. तुम्ही दिवस काढलेत, इस्पितळातून कळलं मला. शुक्रवारी उन्हं पायरीवर आली तेव्हा महाराज म्हणाले, आता दे. दोन चमचे. दोनच. मला कळेना, दोनच का."

सारजाबाईने तोंडावर हात घेतला. "दोनच," ती म्हणाली. "डागदर दोनच म्हणलं हुतं."

तात्यासाहेब उठले आणि कठड्यापलीकडे गेले. तिथे सारजाबाईची कावड भरून टांगलेली होती. ती त्यांनी खांद्यावर घेतली तेव्हा तिला दिसले, मलमलीच्या सदऱ्याखाली त्यांचा खांदा सोलवटून निघाला होता. त्या शुक्रवारपासून बारवेचे पाणी तेच चढवत होते. पण देशमुखी दम तो किती! निम्म्या पायऱ्यांवर पाय लटपटू लागले. सारजाबाई पाठोपाठ होती. तिने पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि चालत्या पावलात बांबू घेतला. तात्यासाहेबांचे खांदे गदगदत होते, पण त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

मागून दोन गड्यांनी केरबाला खुर्चीवर बसवून वर आणले, आणि त्यांच्यामागे सारे गाव चढून आले. ओसरीवर महाराज होते तसेच होते. ओठांवरच्या खपल्या अजून पुरत्या गेल्या नव्हत्या.

सारजाबाईने कावड उतरवली आणि पायरीवरच डोके टेकले. "महाराज, मी तुमाला न्हाई म्हणले."

महाराज म्हणाले, "खरे तेच बोललीस की. गाडी लागली, डॉक्टर लागला, तुझे काळीज लागले. माझ्याने एकट्याने कुठे होत होते? मी फक्त खांदा पालटला. तू सांगायची वाट पाहिली असती तर पोर राहिले नसते."

तात्यासाहेबांनी महाराजांचे पाय धरले. "बोलली ती नाही, महाराज. मी बोलवून घेतलं. लेकराच्या जिवावर एका आईकडून बोलवून घेतलं."

महाराजांनी पाय मागे घेतले. "माझे काय बिघडले त्यात? जिचे बिघडले तिथे जा."

तेव्हा खडकसांगवीच्या देशमुखांनी साऱ्या गावासमोर डोईची पगडी काढून पायरीवर ठेवली आणि कोळ्याच्या सारजाबाईच्या, पायऱ्या चढून चढून भेगाळलेल्या पावलांवर कपाळ टेकले. ती मागे सरायला लागली, पण मागे पायरी होती. "उठा तात्यासाहेब," ती म्हणाली. "गाडी तुमचीच हुती."

मग तिने फुलपात्र भरून महाराजांपुढे धरले. महाराज म्हणाले, "आधी त्याला."

केरबाने फुलपात्र तोंडाला लावले आणि घटाघटा प्यायला, थांबला, पुन्हा भरून घेतले. सारजाबाई त्याच्या गळ्याच्या हलत्या घाटीकडे शेवटच्या थेंबापर्यंत बघत राहिली. मगच महाराज प्याले.

आता गावात नळ आहे. तरी वैशाखातल्या एका गुरुवारी देवळाचे पाणी अजून कावडीने चढते, पहिला खांदा देशमुखांच्या घरचा असतो. चढताना कोणाच्या पाठीवर हात आला तर तो मागे वळून पाहत नाही. ज्याच्या घरी कोणी खाटेवर आहे, त्याने ही कथा ऐकून तहानलेल्या एका जिवाला पाणी द्यावे, आणि मग आपल्या माणसाच्या उशाशी जाऊन बसावे.